पिकअप वाढलं म्हणजे नक्की किती वाढलं?

आमच्या मुरगूडकडं 'एचपी' हा शब्द पोरांना बाराखडीच्या आधी कळतो. विहिरीवरची मोटर किती एचपीची, चुलत्याचा ट्रॅक्टर किती एचपीचा, नदीवरच्या स्कीमचा पंप किती एचपीचा... राज्य सरकारनं २०२४ साली शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली तीसुद्धा साडेसात एचपीपर्यंतच. म्हणजे साडेसात की दहा ह्या फरकावर लोकांच्या घरची गणितं बदलतात. वेदगंगेच्या काठानं कुठल्याही गावात जा आणि एचपी म्हणजे काय ते माहीत नसलेला एक शेतकरी मला दाखवा. दाखवाच!

आता त्याच माणसाला दुसरा प्रश्न विचारा. दादा, तुमच्या ट्रॅक्टरची ताकद आज, ह्या घडीला, किती आहे? तो कंपनीनं छापलेला आकडा सांगेल. ट्रॅक्टर बारा वर्षांचा झाला, दोनदा इंजिन उतरलं, सायलेन्सरमधून काळा धूर येतोय, तरी पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. लग्नात वजन साठ किलो होतं म्हणून माणसानं नातवंडं झाल्यावरही साठच सांगावं, तसला हा प्रकार.

बरं, आमच्या लोकांना मोजायचं वावडं आहे म्हणावं तर तसंही नाही. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ कॅन जातो, फॅट किती लागली, एसएनएफ किती लागलं ह्याची चिठ्ठी खिशात येते. एका पॉइंटनं फॅट कमी लागली की सेक्रेटरीशी वाद. ऊस कारखान्याच्या काट्यावर गेला की तर विचारूच नका. 'काटामारी' ह्या एका शब्दावर आमच्याकडं मोर्चे निघालेत, बाहेरच्या काट्यावर वजन करून आणायचा हक्क मागितला गेलाय. उतारा किती बसला ह्यावर पानाच्या ठेल्यावर जे चर्चासत्र चालतं ते ऐकून एखादा साखर तज्ज्ञ लाजेल. बैलगाडीच्या शर्यतीला बैल किती सेकंदात आला हे घड्याळ लावून बघणारी ही माणसं. आणि हाच माणूस साठ-सत्तर हजार मोजून इंजिन उतरवतो, मिस्त्री म्हणतो "पिकअप आलं बघा मालक", आणि मालक मान डोलावतात!

किती आलं? कुठून कुठं आलं? काय लावून बघितलं?

"आवाज ऐका की!"

ह्या "आवाज ऐका की"च्या विरोधात मी आज लिहायला बसलोय.

माझ्या काकांची गोष्ट सांगतो. नाव-गाव-गॅरेज काही सांगणार नाही, कारण मुद्दा तो नाहीये. ऊस भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चढाला लागलं की ट्रॅक्टर दम सोडायचा. मिस्त्रीनं बघितलं, पिस्टन-लायनर गेलंय म्हणाला. इंजिन उतरलं, पिस्टन-लायनर बदललं, हेडचं काम झालं, पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला जाऊन आले. बिल साधारण सत्तर हजार. पहिले आठ दिवस "एकदम रणगाडा झालाय." पंधरा दिवसांनी त्याच चढाला तोच दम. आता भांडायचं कशावर? काका म्हणतात ताकद आली नाही. मिस्त्री म्हणतो आली होती, तुम्ही लोड जास्त टाकताय. काका म्हणतात लोड तेवढाच आहे. मिस्त्री म्हणतो मग डिझेल खराब असेल. दोघंही प्रामाणिक असू शकतात! क्लच घसरत असेल, टायर झिजले असतील, खरंच डिझेल खराब असेल. पण दोघांकडंही एकही आकडा नाही. नुसता शब्द विरुद्ध शब्द, आणि मधे सत्तर हजार रुपये. इंजिन उतरवायच्या आधी एकदा आणि चढवल्यावर एकदा ताकद मोजली असती तर हे भांडण दहा मिनिटांत मिटलं असतं. कदाचित इंजिन उतरवायलाच लागलं नसतं.

तर मंडळी, गेले आठ महिने आमच्या घरामागच्या शेडमध्ये मी एक डायनो बनवतोय. डायनो म्हणजे डायनामोमीटर, गाडीची ताकद मोजायचं यंत्र. (डायनासोर नव्हे. आमच्या आत्यानं प्रामाणिकपणे विचारलं होतं.) पुण्याच्या कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी, महिन्यातले दोन शनिवार-रविवार गावाकडं, आणि त्या चार दिवसांत हे लोखंड. मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत गेलेल्या लाखो जणांपैकी मी एक, हे वेगळं सांगायला नकोच.

यंत्र दिसायला अगदी साधं आहे. जाड पाइपचा एक ड्रम: ४०० मिलिमीटर व्यास, २० मिलिमीटर जाडी, अर्धा मीटर लांबी. दोन्ही तोंडांना प्लेटा वेल्ड केलेल्या, मधून शाफ्ट, दोन्ही बाजूंना पेडेस्टल बेअरिंग. चॅनेलच्या फ्रेममध्ये तो आडवा बसवलाय. मोटरसायकलचं मागचं चाक ड्रमवर ठेवायचं, पुढचं चाक शिकंज्यात, गाडी चारही बाजूंनी पट्ट्यांनी आवळायची. तिसऱ्या गिअरमध्ये फुल अॅक्सिलरेटर. ड्रम फिरायला लागतो, आणि किती वेळात किती वेग घेतला हे सेन्सर लिहून घेतो. झालं. बैलाची ताकद बघायला आपण भरलेली गाडी जुंपतो आणि तो ती किती झटक्यात उचलतो ते बघतो, तेच तत्त्व. फक्त इथं गाडी जागेवरच राहते आणि ओझं गोल फिरतं.

ह्या ड्रमचं वजन प्लेटा-शाफ्ट धरून १२० किलोच्या थोडं वर. पण हिशेबात वजन नाही, जडत्व लागतं. ते माप घेऊन काढलं तर साधारण ३.७ किलोग्रॅम-वर्गमीटर येतं. सोप्या भाषेत, गाडीच्या चाकाला हा ड्रम म्हणजे ९२ किलोचं ओझं रस्त्यावरून ढकलल्यासारखं वाटतं. जडत्व गुणिले कोनीय त्वरण म्हणजे टॉर्क, टॉर्क गुणिले कोनीय वेग म्हणजे पॉवर. अकरावीचं फिजिक्स, त्याच्या पलीकडं काही नाही.

खर्च? सगळं मिळून तीस-बत्तीस हजार. ड्रम आणि चॅनेल भंगारातून, लेथ-वेल्डिंगची मजुरी, बेअरिंग नवीन (तिथं काटकसर करायची नसते), आणि सगळ्यात स्वस्त काय असेल तर इलेक्ट्रॉनिक्स! मायक्रोकंट्रोलर आणि सेन्सर मिळून हजाराच्या आत. ज्याला लोक "कॉम्प्युटराइज्ड मशीन" म्हणून घाबरतात तो भाग सगळ्यात फुटकळ निघाला.

आता लोकांचं ऐका.

पहिला प्रश्न ठरलेला, "हे काय करालायस रे?" दुसरा, "ह्यातनं पैसे किती मिळणार?" आणि तिसरा माझा लाडका: "एवढा इंजिनिअर झालास, कंपनीत लागलास, आणि घरात येऊन लोखंड कापतोस व्हय?" ह्या वाक्यातली विचारसरणी बघा. इंजिनिअर झाल्यावर लोखंड कापायचं नसतं. शिक्षणाचा उपयोग लोखंडापासून लांब जायला. मी ह्या लोकांवर चिडत नाही, कारण हे त्यांनी शोधून काढलेलं नाही, आमच्या कॉलेजांनीच शिकवलंय.

मेकॅनिकलच्या कुठल्याही मुलाला रोप ब्रेक डायनामोमीटर विचारा. धाडधाड सांगेल. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, १५०० आरपीएम, फ्लायव्हीलशेजारच्या ड्रमवर दोर गुंडाळलेला, एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग बॅलन्स. वजनातून स्प्रिंगचं रीडिंग वजा करायचं, ड्रमच्या परिघानं आणि फेऱ्यांनी गुणायचं, की ब्रेक पॉवर. इतकी सुंदर गोष्ट! फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनीनं १८२१ च्या सुमारास जो लाकडी ब्रेक केला त्याचंच हे भावंड. दोनशे वर्षं जुनी कल्पना, सुताराला आणि लोहाराला जमेल अशी. आणि कॉलेजात तिचं काय होतं? एक जण रीडिंग घेतो आणि साठ जर्नलांत ते उतरतं. पुढच्या वर्षी तीच जर्नलं ज्युनिअरांकडं. ग्राफवर आधी कर्व्ह काढायचा, मग त्याच्यावर ठिपके ठेवायचे! इंजिन त्या दिवशी सुरूच झालं नसलं तरी ग्राफ आपला देखणा. मोजणं म्हणजे साहेबाची सही मिळवायचं कागदकाम, हे चार वर्षं हाडात मुरवून आम्हाला बाहेर सोडतात, आणि मग आम्हीच म्हणतो की मिस्त्री लोक अंदाजपंचे दाहोदरसे काम करतात. वा!

मजा म्हणजे आयटीत आल्यावर कळलं की तिथं मोजल्याशिवाय पाणी पीत नाहीत. पान उघडायला २०० मिलिसेकंद जास्त लागले तर मध्यरात्री फोन वाजतो. कुणी म्हटलं "मी कोड फास्ट केला", तर पहिला प्रश्न, आधीचा आकडा काय, नंतरचा काय? "फास्ट वाटतोय" म्हणणाऱ्याला हसून हाकलतात. मग बटण दाबल्यावर दिसणाऱ्या पानाला जो न्याय, तो माझ्या काकांच्या सत्तर हजारांना का नाही?

दुसरी जमात सुशिक्षितांची. हे म्हणतात, "अरे पण त्यासाठी एआरएआय आहे ना!" आहे की. पुण्यात १९६६ पासून आहे. (बऱ्याच पुणेकरांना एआरएआय म्हणजे सकाळी फिरायला जायची टेकडी एवढंच माहीत असतं, ते सोडा.) ट्रॅक्टरसाठी मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची संस्था आहे, तिथं ट्रॅक्टरच्या मॉडेलांची रीतसर चाचणी होते, रिपोर्ट निघतात, पीटीओला किती पॉवर मिळाली, तासाला किती डिझेल प्यालं, सगळं असतं त्यात. फार चांगलं काम आहे, ट्रॅक्टर घ्यायच्या आधी ते रिपोर्ट वाचावेत असं मी प्रत्येकाला सांगतो. पण तिथं मोजलं जातं ते मॉडेल, तुमचा ट्रॅक्टर नाही. तुमचा नंबर असलेला, तुमच्या बँकेचं कर्ज असलेला, तुमच्या पोरानं गिअर घासलेला ट्रॅक्टर कुणीच मोजत नाही. जन्माच्या वेळी एकदा वजन केलं की बास, पुढं आयुष्यभर डॉक्टरनं तोच कागद बघून औषध द्यायचं!

आणि बुदनीसारख्या संस्था कशा जन्माला आल्या ते बघायचं तर अमेरिकेतल्या नेब्रास्काची गोष्ट वाचण्यासारखी आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथं कुणीही उठून ट्रॅक्टर विकत होता. विल्मट क्रोझिअर नावाच्या शेतकऱ्यानं फोर्ड नावाचा एक ट्रॅक्टर घेतला (हेन्री फोर्डचा नव्हे, नावाचा फायदा उठवणारी ती दुसरीच कंपनी), आणि तो धड चालेना. हा पठ्ठ्या तिथल्या विधिमंडळात आमदार होता. त्यानं १९१९ साली कायदाच करून घेतला: राज्यात ट्रॅक्टर विकायचा तर आधी विद्यापीठानं तो तपासून छापलेल्या आकड्यांशी ताडून बघायचा. १९२० पासून चाचण्या सुरू झाल्या. बघा, हा कायदा कुणा प्रोफेसराच्या डोक्यातून आलेला नाही, फसलेल्या गिऱ्हाइकाच्या रागातून आलाय. आमच्याकडं काट्याबाबत तोच राग आहे. इंजिनाबाबत का नाही, हे मला खरंच कळत नाही.

तसं बघितलं तर हॉर्सपॉवर हा शब्दच विक्रीतला. जेम्स वॉटला आपली वाफेची इंजिनं घोडे वापरणाऱ्यांच्या गळ्यात मारायची होती, म्हणून त्यानं एक घोडा मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम करतो असा आकडा ठरवला. सेल्समनचं एकक! आणि अजूनही त्याच्यात गंमत चालू आहे. ७४६ वॅटचा एचपी वेगळा, ७३५ वॅटचा पीएस वेगळा, इंजिनाच्या क्रँकवरची पॉवर वेगळी, पीटीओवरची वेगळी, चाकावरची आणखी वेगळी. जाहिरातीत कुठली असते? जी सगळ्यात मोठी असते ती.

आता खरा आक्षेप. हा एकच आक्षेप मला मानाचा वाटतो. "तुझ्या ह्या घरगुती यंत्राचा आकडा बरोबर कशावरून?"

एकदम योग्य प्रश्न. हाच प्रश्न लोकांनी मिस्त्रीला, सायलेन्सरवाल्याला आणि 'पेट्रोलमध्ये टाका, अॅव्हरेज वाढवा' बाटलीवाल्याला विचारला असता तर मला हे लिहायलाच लागलं नसतं. असो. उत्तर देतो.

सगळा खेळ ड्रमच्या जडत्वावर आहे. पाइपची जाडी २० ऐवजी १९ निघाली तर आकडा पाचेक टक्क्यांनी चुकणार. म्हणून नुसत्या मापावर विश्वास ठेवला नाही. ड्रमला दोर गुंडाळला, तो छपराच्या तुळईला टांगलेल्या कप्पीवरून घेतला आणि टोकाला २० किलोची वजनं लावली, भुसारी दुकानातली, शिक्का मारलेली. सोडून दिली. हिशेबानं ते वजन २ मीटर खाली यायला दीड सेकंद लागायला पाहिजे, म्हणजे त्वरण १.७४ मीटर प्रति सेकंद वर्ग. सेन्सरनं १.६८ दाखवलं. उरलेला फरक बेअरिंग आणि कप्पीचं घर्षण. बेअरिंगचं वेगळं मोजता येतं: ड्रम मोकळा फिरवायचा आणि आपोआप थांबेपर्यंत त्याचा वेग लिहीत राहायचा. म्हणजे माझं यंत्र शेवटी कशाला बांधलेलं आहे? पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाला आणि वैधमापनच्या शिक्क्याला. ह्याहून सरकारी काही असेल तर सांगा!

पुढचा भाग सॉफ्टवेअरचा, आणि इथं मात्र सावध राहायला लागतं. त्वरण काढायचं म्हणजे वेगाचा बदल काढायचा, आणि बदल काढताना सेन्सरचा बारीकसा थरथराट दहा पटीनं मोठा होतो. ड्रमच्या कडेच्या चकतीला १२ भोकं आहेत, हातानं मारलेली, म्हणजे सगळी एकसारख्या अंतरावर असणं शक्यच नाही. त्यावर उपाय असा की एका भोकापासून त्याच भोकापर्यंत, म्हणजे पूर्ण एका फेरीचा वेळ धरायचा. अंतर मग आपोआप सारखंच. राहिलेला खडबडीतपणा गुळगुळीत करता येतो, पण जितका गुळगुळीत कराल तितकं खोटं बोलाल. दोन ओळी कोड लिहून मी कुठल्याही भंगार गाडीचा कर्व्ह शोरूमच्या ब्रोशरसारखा करून देऊ शकतो. म्हणून कच्चे आकडे ठेवायचे, आणि एकाच गाडीच्या पाच फेऱ्या घेऊन पाचही दाखवायच्या. ज्याच्याकडं एकच ग्राफ असतो आणि तो फार सुंदर असतो, त्याच्यापासून लांब राहा. (वरचा जर्नलचा परिच्छेद आठवा.)

घरची १०० सीसीची गाडी घेतली. कागदावर ८ पीएस. ड्रमवर पाच फेऱ्यांत ५.९ ते ६.१. लगेच बोंब, "बघ, चुकीचं दाखवतंय!" अरे बाबांनो, ८ हा क्रँकवरचा आकडा. मधे गिअर, चेन आणि टायर आपला वाटा खातात. शिवाय आपण समुद्रसपाटीवर राहत नाही. कोल्हापूरची उंची साधारण ५७० मीटर, आपणही त्याच पठारावर, तिथं हवेचा दाब सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी, इंजिनात जाणारी हवा तेवढीच कमी, ताकद तेवढीच कमी. हे सगळं धरलं की सहा बरोबर बसतो. आणि समजा तो खरा ६.३ असेल, तरी माझं काम अडत नाही, कारण मला फरक बघायचाय. आधी सहा आणि कामानंतर सहाच, तर काम झालेलं नाही. काटा शंभर ग्रॅमनं जड दाखवत असला तरी माझं वजन घटलं की वाढलं हे तोच काटा सांगतो.

मग मित्राची १५० सीसी आणली, साडेतीन हजारांच्या नव्या सायलेन्सरसकट. ती गल्लीत शिरली की म्हशी दावं तोडतात. आधी जुना सायलेन्सर, पाच फेऱ्या, सरासरी ११.२. मग नवा, पाच फेऱ्या, सरासरी १०.९. कमी! मित्र दहा मिनिटं गप्प. मग म्हणाला, "पण पिकअप वाढल्यासारखं वाटतंय गा." वाटतंयच ना. कान फाटले की सगळंच जोरात वाटतं. तो सायलेन्सर अजून गाडीला आहे, पोलिसांनी धरून रोलरखाली घालेपर्यंत राहील. पण आता तो निदान "पॉवरसाठी घेतला" असं म्हणत नाही, "आवाजासाठी घेतला" म्हणतो. हीसुद्धा प्रगतीच. बाटलीतलं औषधही बघितलं. फरक पाच फेऱ्यांच्या आपापसातल्या फरकापेक्षा कमी, म्हणजे शून्य धरा.

ह्यात धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. ताशी ८० किलोमीटरला हा ड्रम मिनिटाला हजाराच्या वर फेऱ्या मारतो. त्याच्या कडेचं एक किलो लोखंड अडीचशे किलोच्या जोरानं बाहेर पडायला बघत असतं. ड्रममध्ये साठलेली ऊर्जा म्हणजे शंभर किलोचं पोतं सातव्या मजल्यावरून खाली. म्हणून ड्रम पंख्यांचं बॅलन्सिंग करणाऱ्याकडून बॅलन्स करून घेतलाय, वर जाड पत्र्याचं कवच आहे, शाफ्टला मोटारीची जुनी डिस्क आणि ब्रेक आहे, ८० च्या वर नेत नाही, ड्रमच्या रेषेत कुणाला उभं राहू देत नाही, आणि शेडच्या दोन्ही बाजू उघड्या असल्याशिवाय इंजिन सुरू करत नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास देऊन येत नाही. ज्याला एवढं करायचं नाही त्यानं ह्या वाटेला जाऊ नये. पण "धोका आहे म्हणून घरी करूच नये" हे गुऱ्हाळाच्या चरकाशेजारी आणि कडबाकुट्टीच्या पात्याशेजारी वाढलेल्या माणसानं मला सांगू नये!

उरली तिसरी जमात, आणि ती मला सगळ्यात जास्त त्रास देते. टाळ्यावाले. ह्यांना सगळंच भारी वाटतं. "नाद खुळा! जुगाड! ह्याला म्हणतात देसी दिमाग!" फोटो काढतात, व्हॉट्सअॅपवर टाकतात, आणि किती एचपी दाखवलं हे विचारायच्या आत निघून जातात. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून किकवर सुरू होणारी चारचाकी केली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला, आनंद महिंद्रांनी त्या बदल्यात बोलेरो देऊ केली, जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. ही गाडी नियमात बसत नाही, हे महिंद्रांनी तेव्हाच म्हटलं होतं, तरी तिची किंमत त्यांना कळली. माझा आक्षेप लोहारांवर अजिबात नाही, त्या माणसापुढं हात जोडले पाहिजेत. आक्षेप आपल्यावर आहे. लाखो लोकांनी तो व्हिडिओ बघितला, "शिक्षण नसताना केलं हो" म्हणून डोळे पुसले, आणि ती गाडी चढाला किती ओझं ओढते, किती अंतरात थांबते, लिटरला किती जाते, हे किती जणांनी विचारलं? कारागिराच्या कामाचा आकडा विचारणं हा त्याचा अपमान नाही, तो मान आहे. न विचारणं म्हणजे लहान पोराच्या चित्राला "छान छान" म्हणणं.

आमच्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीनं सिनेमाचा कॅमेरा बनवला, १९१८ च्या सुमारास. त्याला कुणी जुगाड म्हणत नाही. का? कारण त्या कॅमेऱ्याला परीक्षा होती. फिल्म एकसारख्या गतीनं सरकली नाही, चौकट जागेवर थांबली नाही, तर पडद्यावर लगेच कळणार. १९२० ला 'सैरंध्री' आला तो लोकांनी तिकीट काढून बघितला, "बिचाऱ्यांनी घरी केलंय" म्हणून नाही.

आणि आज ह्याच जिल्ह्यात, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत मोठमोठ्या गाडी कंपन्यांची कास्टिंगं ओततात. इंजिनाचे ब्लॉक आपण ओतायचे, फ्लायव्हील आपण घासायची, आणि आपल्या स्वतःच्या गाडीची ताकद किती हे बघायचं म्हटलं तर तालुक्यात सोय नाही. प्रत्येक तालुक्याला पीयूसीची मशीन आहेत. सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजायला सरकारला जमलं, चाकाखाली ड्रम ठेवायला काय हरकत आहे? दूध संस्थेत जसं फॅटचं मशीन, तसं विकास सोसायटीत किंवा कारखान्याच्या वाहन यार्डात एक डायनो ठेवायला काय लागतं? हंगामात हजारो ट्रॅक्टर तिथं तसेही रांगेत उभे असतात!

ह्याचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला होईल माहितीये? चांगल्या मिस्त्रीला. आज चांगलं काम करणारा आणि नुसतं ऑइल बदलून "पिकअप आलं" म्हणणारा, दोघंही एकच वाक्य बोलतात आणि एकाच भावात जातात. ज्याचा हात खरंच चालतो त्याच्याकडं ते दाखवायला काहीच नाही. गेल्या महिन्यात आमच्याकडचा एक मिस्त्री कुतूहलानं शेडवर आला, स्वतःच्या गाडीचा कार्बोरेटर तिथंच तीनदा उघडला, जेट बदलून बदलून फेऱ्या घेतल्या, आणि अर्धा एचपी वाढवूनच घरी गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यानं वहीत आकडे लिहून घेतले आणि वही खिशात घातली.

आता ट्रॅक्टर. तो काही माझ्या ड्रमवर चढणार नाही. त्याला पीटीओवर ब्रेक लावायला लागणार: ५४० आरपीएम, ३५ एचपी धरले तर ४६० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क. टॉर्क पकडणं सोपं आहे, एक मीटरचा दांडा आणि खाली वजनकाटा. काट्यावर ४७ किलोच्या आसपास दिसायला पाहिजे. कठीण आहे ती उष्णता. ३५ एचपी म्हणजे २६ किलोवॅट, म्हणजे दोन किलोवॅटचे १३ गिझर एकदम चालू. ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये जाणार, म्हणून आतून पाणी खेळवायला लागेल, आणि एका वेळी वीस-तीस सेकंदांच्या वर लोड ठेवायचा नाही. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम मिळालाय, दांडा कापून झालाय, पाण्याचा पाइप विहिरीच्या मोटरवरून ओढायचाय. काकांनी ट्रॅक्टर द्यायचं कबूल केलंय, त्या मिस्त्रीलाही बोलावलंय. तो येतो म्हणालाय.